लाल चांदणी

सेबूमध्ये, एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर
आम्ही पाच जण अर्ज रचत होतो.
खाली जनरेटर खोकत होता,
न वाळलेल्या कपड्यांचा कोंदट वास जिन्यावरून वर येत होता.
समुद्रापलीकडे समार बेट
झाकण उडालेल्या डब्यासारखं उघडं पडलेलं.
ट्रक तयार, तांदूळ तयार, पोरं तयार,
फक्त जायचं कुठे, ते कळत नव्हतं.

मी काळजीनं काम केलं, खरंच सांगते.
बटण मोठं ठेवलं, ओल्या अंगठ्याला सापडेल असं.
चित्रं काढून टाकली. पान इतकं हलकं केलं
की सिग्नलच्या एका काडीवरही तरंगावं.
नाव. माणसं किती. पाणी आहे का. जखमी कोणी.
आणि पत्ता: घर क्रमांक, रस्ता;
त्या रकान्याशेजारी एक लाल चांदणी,
म्हणजे हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.
मला ती शिस्त वाटली.

तिसऱ्या रात्री यादी उघडली.
दोनशे बारा अर्ज अर्धवट.
माणसं नऊ. पाणी नाही. जखमी दोन.
पुढे कोरं.
म्हटलं, नेटवर्क गेलं असणार,
आणि कॉफी ओतून घेतली.

पहाटे मेर्लिताचा फोन आला, दोहाहून.
ती तिथे इस्पितळाच्या फरश्या पुसते,
आणि पाळी संपली की आमच्यासाठी
उपग्रहाच्या फोटोंत उरलेली छप्परं मोजते,
स्वतःच्याच गावची.
ती चिडली नव्हती. तेच जास्त लागलं.
म्हणाली, माझा मामा क्रिसांतो
टेकडी चढून अकरा वेळा तुमचा अर्ज भरतोय.
तो लिहितो: चॅपेलच्या मागे, नीरफणस होता तिथे.
तुमचं यंत्र म्हणतं: घर क्रमांक योग्य नाही.
अगं, आमच्या वाडीत घरांना नंबर होते कधी?
लंगड्या क्रिसांतोचं घर म्हटलं
की परका नावाडीसुद्धा बिनचूक येतो.

चांदणी पुसायला मला नऊ सेकंद लागले.
अकरा वेळा.
त्या म्हाताऱ्याची किती बॅटरी जळली
हा हिशेब मी अजून पुरा केलेला नाही.

मग पत्ते आले.
उलट्या होडीच्या खाली.
शाळा, म्हणजे आता नुसत्या पायऱ्या.
नानाय पासिंगला विचारा, सगळे ओळखतात.
कुत्रा भुंकतोय तिथे.
ट्रकवरच्या पोरांचं यात काहीच अडलं नाही,
ती त्याच मातीतली.
अडत होतं ते माझं.

आणि तरीही:
एकाच गावात तांदूळ चारदा पोचला,
कारण तिथला टॉवर उभा होता.
खाडीच्या पलीकडे आमच्या नकाशावर
चिटपाखरू नव्हतं, म्हणून आम्ही निर्धास्त.
रोहेलियो, जो सहसा बोलत नाही,
पायातली चप्पल काढता काढता म्हणाला,
जिथून काहीच आलं नाही
ते सगळ्यांत गडद रंगव.
रंगवलं.
पूर्वेचा अख्खा किनारा काळाठिक्कर झाला.
सकाळी पहिली होडी तिकडे वळली.
तिला तिथे काय दिसलं, ते मी लिहिणार नाही.

पाच महिन्यांनी क्रिसांतोला भेटले.
चॅपेलच्या मागे. विचारत विचारत गेले.
मासे चिरून उन्हात मांडत होता,
हात न थांबवता मानेनंच म्हणाला, बस.
नव्या झोपडीच्या दारावर
होडीच्या निळ्या रंगानं काढलेला टप्पोरा आकडा: ११.
वाडीत दुसऱ्या कुठल्याच दारावर नंबर नाही.
"तुझ्यासाठी काढलाय," तो म्हणाला,
"पुन्हा विचारलंस, तर असावा."
हसला की नाही, ते उन्हात नीट दिसलं नाही.
मग भातावर त्यानं
माशाचं डोकं मला वाढलं.